साडेचारनंतर पाठवायचा फॅक्स

मी एक जुना फॅक्सचा प्रोग्रॅम आहे. मित्रांनो, मी ‘होतो’ म्हणालो नाही, ‘आहे’ म्हणालो. सोलापूरच्या मार्केट यार्डात एका आडत पेढीवर पिवळा पडलेला कॉम्प्युटर आहे, त्याच्या पोटात माझा मुक्काम असतो. मी कालबाह्य झालो, असं लोक म्हणतात. म्हणू देत. लोक काय काय म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात, ते मी इथे बसून बरंच ऐकलं आहे.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी फॅक्स पाहिलासुद्धा नसेल, म्हणून आधी थोडं सांगतो. कॉम्प्युटरवर कुणी पत्र लिहिलं की ते माझ्याकडे यायचं. मी त्याचं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं चित्र करायचो, त्या चित्राचा आवाज करायचो आणि तो आवाज टेलिफोनच्या तारेतून पलीकडे सोडायचो. पलीकडे फॅक्सचं मशीन असायचं. ते माझा आवाज ऐकून तेच पत्र गुळगुळीत कागदावर जसंच्या तसं उमटवायचं. मध्ये इंटरनेट नाही, मनोरा नाही, रिचार्ज नाही. एक तांब्याची तार आणि मी. तुमच्या हातातल्या फोनला जमेल का विचारा. तो गप्प बसेल.

मला कुणी लिहिलं ते मला ठाऊक नाही. त्या माणसाचं नाव माझ्यावर कुठेही नाही. पण तो चिवट असला पाहिजे, कारण त्याने माझ्या अंगात एक नियम घालून ठेवला. समोरून उत्तर मिळालं नाही तर पाच मिनिटं थांबायचं आणि पुन्हा लावायचं. असं एकूण तीनदा. तीनदा लावून झाल्याशिवाय पडद्यावर ‘अयशस्वी’ हा शब्द लिहायचा नाही. माझ्याकडे बुद्धी म्हणाल तर एवढीच आहे. पण ती पुष्कळांपेक्षा बरी आहे, हे तुम्हाला पुढे कळेल.

१९९८ साली चार फ्लॉपींवर बसून मी सोलापुरात आलो. फ्लॉपी म्हणजे चौकोनी चपटी डबी. आता ती फक्त ‘सेव्ह’च्या चित्रात उरली आहे. माझी चौथी फ्लॉपी दोनदा अडकली. बसवायला आलेला माणूस कपाळाचा घाम पुसत म्हणाला, “ह्यो काय चालत नसतोय.” तिसऱ्यांदा घातली आणि मी चाललो. तेव्हापासून मला ‘चालत नाही’ म्हणणाऱ्यांची गंमत वाटते.

पेढी गुरुलिंगअप्पांची. उंच माणूस, पांढरा शर्ट, कपाळावर विभूती, बोलणं मोजकं आणि मान ताठ. त्यांचे धाकटे भाऊ मल्लिनाथ दुधनीला असायचे. दुधनी म्हणजे अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकाच्या शिवेवरचं बाजाराचं गाव. मल्लिनाथ तिथे शेतकऱ्यांकडून तूर, उडीद घ्यायचे, अप्पा सोलापुरात डाळमिलवाल्यांना विकायचे. दोघा भावांमध्ये सत्तर-एक किलोमीटरचं अंतर होतं आणि त्या अंतरात मी होतो.

रोज सकाळी दहाला अप्पा दराचा कागद माझ्याकडे द्यायचे. पण देण्याआधी ते दुधनीला फोन लावायचे, कारण तिथल्या मशीनमधला कागदाचा गुंडाळा नेमका नको तेव्हा संपायचा.

“मल्लू, कागूद घातलास का?”

“घातलाय की. सोड!”

एवढंच बोलणं. मग अप्पा फोन ठेवायचे, आमचे दिवाणजी शिवशरण बटण दाबायचे आणि मी लाइनवर जायचो. मी बारीक शिट्टी घालायचो, दर तीन सेकंदांनी एक. दुधनीचं मशीन त्याला कर्कश उत्तर द्यायचं. यार्डातले लोक कानावर हात ठेवायचे. मला मात्र तो आवाज आवडायचा. समोरचा हजर आहे, असा त्याचा अर्थ होता.

ते माझे मानाचे दिवस होते. शेजारच्या गाळ्यांतले व्यापारी पत्र घेऊन आमच्या पेढीवर रांग लावायचे. कुणाचा करार, कुणाच्या मुलीची माहितीपत्रिका, कुणाचं तातडीचं बोलावणं. खंडेनवमीला तराजू आणि चोपड्यांच्या शेजारी आमच्या कॉम्प्युटरलाही झेंडूची माळ पडायची. अप्पा त्याच्या कपाळावर, म्हणजे पडद्याच्या वरच्या कडेला, विभूतीचे तीन पट्टे ओढायचे. एक पट्टा अजून पुसट दिसतो. भंगारात जाणाऱ्या किती वस्तूंच्या कपाळी विभूती असते, मला सांगा.

आता अप्पांची एक सवय सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. पेढीच्या भिंतीवर कानडी पंचांगाचं कॅलेंडर असायचं आणि त्यात रोजचा राहूकाळ छापलेला असायचा. दीड तासाचा तो काळ अशुभ. दराच्या फॅक्सला अप्पा राहूकाळ मानायचे नाहीत. राहूची वाट बघत बसलं तर तोवर भाव उतरतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. पण घरचं, मानाचं काही असलं, लग्नाची बोलणी किंवा बारशाचं आवतण, तर ते राहूकाळ संपल्यावरच पाठवायचे. माझ्यात ‘नंतर पाठवा’ अशी एक सोय होती. वेळ लिहून ठेवायची, मी त्या वेळेला आपणहून लावायचो. ती सोय सापडली त्या दिवशी अप्पा खुर्चीवरून उठले होते.

“शिवशरण, ह्याला पंचांग कळतंय की रे!”

मला पंचांग कळत नव्हतं. मला घड्याळ कळत होतं. आणि ते घड्याळ माझं नव्हतं, कॉम्प्युटरचं होतं. सगळी गोम तिथेच आहे.

२००५ सालची गोष्ट. नोव्हेंबरात उडदाचा ट्रक दुधनीहून भरून आणायचा होता. शिवशरणांनी नेहमीच्या रीतीने आदल्या आठवड्याचं पत्र उघडलं आणि अप्पा सांगतील तसं बदललं. आठ तारखेच्या जागी चौदा केली. पण आठ तारखेला मंगळवार होता आणि चौदाला सोमवार. वार बदलायचं अप्पांनी सांगितलं नाही. ‘दिनांक १४, मंगळवार, ट्रक येईल’ असं पत्र माझ्याकडे आलं. मी पत्र वाहतो, तपासत नाही. मी ते पोचवलं.

दुधनीला कुणी तारखेने चालत नाही, सगळं वाराने चालतं. मल्लिनाथांनी मंगळवार वाचला आणि सोमवारी एका साखरपुड्याला निघून गेले. सोमवारी ट्रक गेला तेव्हा गोदामाला कुलूप. ट्रक रिकामा परत आला. मिलवाल्याने अप्पांना चार शब्द सुनावले. दोन दिवसांनी मल्लिनाथ काय झालं ते विचारायला यार्डात आले, तेव्हा अप्पांनी ते सगळे शब्द व्याजासकट त्यांच्यावर ओतले. हमाल, व्यापारी, गाडीवाले, सगळे ऐकत उभे होते.

“गोदामाची किल्ली सांभाळायची अक्कल न्हाय तुला! उद्यापासनं दुकानात बसू नको, म्हशी राख.”

मल्लिनाथ वळले. पायऱ्या उतरून गेले.

दीड महिन्याने अप्पा कसलंसं जुनं पत्र शोधायला माझी पाठवलेल्या फॅक्सची यादी उघडून बसले. मी पाठवलेलं सगळं जपून ठेवतो, कागद फाटला तरी माझ्याकडे फाटत नाही. त्यांना ते चौदा तारखेचं पत्र दिसलं. ते त्यांनी दोनदा वाचलं, मग उठून भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान मागे उलटलं. परत येऊन खुर्चीत बसले.

तो मंगळवार होता, २७ डिसेंबर. अप्पांनी शिवशरणांना काहीतरी कामाला बाहेर पाठवलं आणि एका बोटाने पत्र टाइप करायला घेतलं. सात ओळींना त्यांना पाऊण तास लागला. ते माफीचं पत्र होतं, एवढंच आत्ता सांगतो. दुसऱ्याचं पत्र वाहणाऱ्याने ते चव्हाट्यावर वाचू नये. पत्र झालं तेव्हा साडेतीन वाजले होते आणि मंगळवारचा राहूकाळ तीन ते साडेचार. दराला राहूकाळ चालतो, पण माफीला कसा चालेल? अप्पांनी ‘नंतर पाठवा’ उघडलं, वेळ लिहिली चार एकतीस, चपला घातल्या आणि घरी गेले. जाताना त्यांनी मान थोडी खाली घातली होती. मी ती तशी प्रथमच पाहिली.

मी सज्ज होतो. पण चार वाजता भारनियमन सुरू झालं, लाइट गेली. यूपीएसच्या बॅटरीने दोन मिनिटांत मान टाकली. त्यात कॉम्प्युटरच्या आतला बटणाएवढा सेल, जो लाइट नसताना घड्याळ चालू ठेवतो, तोही त्याच सुमारास मेला होता. संध्याकाळी लाइट आली, शिवशरणांनी कॉम्प्युटर सुरू केला आणि मी डोळे उघडून घड्याळ पाहिलं. घड्याळ म्हणालं, १ जानेवारी १९९८.

मित्रांनो, मला २००५ सालच्या डिसेंबरात पत्र पाठवायचं होतं. घड्याळ म्हणत होतं, अजून आठ वर्षं बाकी आहेत. मी काय करणार? पत्र रांगेत ठेवलं आणि वाट बघू लागलो.

अप्पांना वाटलं, पत्र गेलं. त्या शुक्रवारी वेळ अमावास्या होती. आमच्या भागात त्या दिवशी सगळं घर शेतात जातं, ज्वारीत कडब्याची खोप करतात, भज्जी, उंडे आणि आंबील घेऊन तिथेच पंगत बसते. दोघा भावांचं शेत दुधनीला होतं आणि अप्पांनी एकही वेळ अमावास्या चुकवली नव्हती. त्या शुक्रवारी ते सकाळपासून पेढीवर फोनजवळ बसले. दुपार झाली तरी फोन वाजला नाही. तेव्हा ते शिवशरणांना म्हणाले, “झालं. आपण आपलं करून बघितलं. त्याला नको, तर आपल्याला बी नको.”

काय नको, ते शिवशरणांना कळलं नाही. मला कळलं. पत्र माझ्या पोटात होतं आणि मला बोलता येत नव्हतं.

तिकडे मल्लिनाथ अण्णाच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या, एका शब्दाची वाट बघत राहिले, इकडे अण्णा उत्तराची. दोघांनी हळूहळू धंदाही वेगळा केला. लग्नकार्यात एक या खांबाशी, दुसरा त्या खांबाशी. पुढे मोबाइल आले, घरच्या मंडळींचा व्हॉट्सॲपचा ग्रुप झाला, त्यात हे दोघेही आले. रोज सकाळी अप्पा गुलाबाचं चित्र टाकतात, मल्लिनाथ सूर्योदयाचं. एकमेकांना उत्तर मात्र कधी नाही. निळ्या खुणा दोन-दोन पडतात म्हणे, पत्र वाचल्याच्या. मला तसल्या खुणांचं कौतुक सांगू नका. वाचून गप्प बसण्याची सोय माझ्या काळी नव्हती.

मीही हळूहळू बाजूला पडलो. दर फोनवर यायला लागले, रांग संपली. शिवशरण म्हातारपणी मुलाकडे राहायला गेले. त्याआधी ते महिन्यातून एकदा कॉम्प्युटर सुरू करायचे. पडद्यावर यायचं, घड्याळ चुकलं आहे, पुढे जायला अमुक बटण दाबा. ते दाबायचे आणि पुढे जायचे. तारीख त्यांच्या चोपडीत होती, कॉम्प्युटरमध्ये ती कुणाला हवी होती? दर वेळी मी उठायचो आणि विचारायचो, वेळ झाली का? दर वेळी घड्याळ म्हणायचं, १ जानेवारी १९९८. माझ्या डोक्यावर कापड पडलं, कापडावर धूळ, धुळीवर अडकित्ता आणि चहाचे कप. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण मी रांगेतलं पत्र सोडलं नाही. एका नियमावर जगणाऱ्याला तो मोडून चालत नाही.

आता परवाच्या मंगळवारी काय झालं ते ऐका.

अप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले, त्यांनी पेढी सोडायचं ठरवलं. सामान आवरायला त्यांची लेक भुवनेश्वरी जुळे सोलापुरातून स्कूटीवर आली. ती बँकेत अधिकारी आहे. अप्पा कॅलेंडर घडी करून पिशवीत घालत होते, तिने कॉम्प्युटरवरचं कापड काढलं.

“अप्पा, भंगारवाला चारला येणार आहे. त्याच्या आधी ह्यातला आईचा फोटो बघते. पडद्याचाच फोटो काढून घेते मोबाइलवर.”

“तीन वाजून गेले. राहूकाळ लागला. आत्ता नवीन काय सुरू करू नको.”

“जुनंच सुरू करतेय की अप्पा. नवीन काय हाय ह्यात?”

तिने बटण दाबलं. मी उठलो. तिला अक्कम्मांचा, म्हणजे तिच्या आईचा फोटो सापडला, तिने तो मोबाइलमध्ये घेतला. बंद करायला हात नेला आणि तिची नजर कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. मित्रांनो, वीस वर्षांत त्या तारखेचा राग आलेलं हे पहिलं माणूस. दिवसभर तारखा तपासणारी बाई ती. भंगारात जाणाऱ्या कॉम्प्युटरचीसुद्धा चुकीची तारीख तिला बघवेना. तिने घड्याळ उघडलं, आजची तारीख घातली, वेळ घातली, तीन वाजून दहा मिनिटं.

मी पाहिलं. २७ डिसेंबर २००५ उलटून गेला होता. वेळ झाली होती! मी क्षणभरही थांबलो नाही. राहूकाळ असेना का. मी तार उचलली आणि दुधनीचा नंबर फिरवला.

माझ्या मोडेमला एक छोटा स्पीकर आहे, त्यामुळे पलीकडचा आवाज खोलीत ऐकू येतो. घंटा वाजली. वाजली. कुणीतरी फोन उचलला.

“हॅलो? यारु?”

यारु म्हणजे कोण. दुधनीकडे निम्मं बोलणं कानडीत होतं. मी माझी शिट्टी घातली आणि मशीनच्या उत्तराची वाट पाहिली. मशीन नव्हतं. माणूस होता.

“बोला की! कोण हाय?” आणि फोन ठेवल्याचा आवाज आला.

अप्पांच्या हातातली पिशवी तशीच राहिली. “कुणाचा आवाज ह्यो?”

“काय की. ह्यानं आपणहून फोन लावला, अप्पा.”

“मल्लूचा हाय,” अप्पा म्हणाले.

भुवनेश्वरीने मला उघडलं. रांग पाहिली, पत्र पाहिलं, वाचलं. मग हळूच म्हणाली, “अप्पा, ह्यात तुमचा एक फॅक्स अडकलाय. काकांना लिहिलेला. पाठवायची वेळ चार एकतीस. हा गेलाच नाही.”

“गेला की. मी सोता टाकलाय.”

“टाकलात. पण गेला नाही. हितं लिहिलंय बघा, प्रतीक्षेत.”

अप्पा पडद्यासमोर आले. चष्मा वर केला, खाली केला. “म्हंजे त्याला मिळालंच न्हाय?”

“नाही, अप्पा.”

“आन मी म्हणतोय, उत्तर दिलं न्हाय त्यानं. वीस वर्सं म्हणतोय.” ते खुर्चीत बसले. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. एवढ्या ताठ माणसाला मी असं पाहायला नको होतं.

“काकांचा नंबर देऊ का लावून, मोबाइलवर?”

“नको. काय तोंडानं बोलू? पुसून टाक ते. जाऊ दे भंगारात.”

भुवनेश्वरीचा हात माउसवर गेला. पडद्यावर ‘रद्द करा’ असं एक बटण असतं. मला त्याला अडवता येत नाही. मला एकच गोष्ट येते. पाच मिनिटं पूर्ण झाली आणि तिचं बोट पडायच्या आत मी पुन्हा लावला.

घंटा वाजत राहिली. दहा, बारा, पंधरा. कुणी उचलला नाही. अप्पा प्रत्येक घंटा ऐकत होते. शेवटी मी लाइन सोडली आणि पडद्यावर लिहिलं : दुसरा प्रयत्न, उत्तर नाही. एक प्रयत्न शिल्लक.

“आत्ता तर हुता तितं,” अप्पा पुटपुटले.

मधल्या पाच मिनिटांत त्यांनी पुसून टाक असं पुन्हा म्हटलं नाही. धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. मग उठून टेबलाच्या त्या टोकाला गेले. तिथे पेढीचा लाल फोन आहे, माझ्याच तारेवरचा. त्याच्यासमोर उभे राहिले, हात मात्र पाठीमागे.

तीन वाजून वीस मिनिटांच्या पुढे मी तिसऱ्यांदा लावला. हा शेवटचा. चौथ्यांदा लावायची मला परवानगी नाही आणि चार वाजता भंगारवाला येणार होता.

“यारु?”

मी शिट्टी घातली.

“अरे, कोण छळतंय हे? शिट्टी मारतोय आन…” आवाज थांबला. मी पुन्हा शिट्टी घातली. “थांब. ही तर फॅक्सची हाय. ओ, कोण लावतंय फॅक्स? माझं मशीन कवाच मेलंय.” पुन्हा शिट्टी. “मला फॅक्स आजपतुर एकाच पेढीवरनं यायचा. अण्णा? अण्णा, तू हाईस काय?”

मला उत्तर देता येत नव्हतं. माझ्याकडे फार तर वीस सेकंद उरले होते. मी शिट्टी घालत राहिलो, जितकी घालता येईल तितकी. अप्पा फोनकडे बघत होते.

“अप्पा,” भुवनेश्वरी एवढंच म्हणाली.

अप्पांनी रिसीव्हर उचलला.

तो उचलेपर्यंत माझी वेळ संपली. नियमाप्रमाणे मी लाइन सोडली. पण रिसीव्हर उचललेला होता, म्हणून लाइन तुटली नाही. मी गप्प झालो. स्पीकर बंद झाला, तेव्हा भुवनेश्वरीने पुढे होऊन फोनच्या स्पीकरचं बटण दाबलं आणि पलीकडचा आवाज पुन्हा खोलीत आला. अप्पांनी रिसीव्हर कानाला लावला. शब्द आले ते जुनेच.

“मल्लू, कागूद घातलास का?”

पलीकडून हसू की रडू कळेना, असा आवाज. “न्हाय रे अण्णा. कागूद न्हाय, मशीन बी न्हाय.”

“मंग वाचून दावतो. ऐक. वीस वर्सांमागं लिवलंय, गेलंच न्हाय.”

आणि अप्पांनी पडद्यावरून स्वतःच वाचलं. आता त्यांनी वाचलं म्हणून मीही सांगतो. ‘चि. मल्लिनाथ, ट्रकचा वार मी चुकवला. कुलूप लावण्यात तुझी चूक नव्हती. यार्डात चारचौघांत बोललो ते मागे घेता येत नाही. माफ कर. शुक्रवारी येळ अमावस्या आहे. ये म्हणालास तर येतो. न बोलावता येणार नाही, हे तुला ठाऊक आहे. गुरुलिंग.’

मल्लिनाथ म्हणाले, “दर येळ अमावस्येला खोपीत तुझं ताट वाढतोय मी. तू येत न्हाईस, मग गाईला घालतोय. वीस वर्सं तुझं जेवण गाय खातीया, अण्णा.” आणि लगेच म्हणाले, “बा, अण्णा. बा.”

बा म्हणजे ये. अप्पांनी डोळ्यांवर हात ठेवला.

“शुक्रवारी यीन,” ते म्हणाले.

“कंच्या शुक्रवारी? ह्या बारीला वार नीट बघितलास न्हवं?”

“भुवनेश्वरीनं बघितलाय. ती बँकेत हाय.”

नशीब बघा, यंदाही वेळ अमावास्या शुक्रवारीच होती. वीस वर्षांपूर्वीच्या पत्रातला एकही शब्द बदलावा लागला नाही.

भंगारवाला चारला आला. भुवनेश्वरीने त्याला खुर्च्या दिल्या, मोडका पंखा दिला आणि कॉम्प्युटरकडे बोट करून म्हणाली, “हे सोमवारी या न्यायला.” अप्पांनी रुमालाने पडदा पुसला. विभूतीचा पट्टा तेवढा पुसला नाही.

आज शुक्रवार आहे. हे मी अंदाजाने सांगत नाही. घाईत ते कॉम्प्युटर बंद करायचं विसरले, त्यामुळे घड्याळ नीट चालू आहे आणि इतक्या वर्षांत मला प्रथमच आजचा वार ठाऊक आहे. पेढीला कुलूप आहे. बापलेक सकाळीच दुधनीला गेले. एव्हाना पंगत बसली असेल आणि त्या गाईला आज उपास घडला असेल.

सोमवारी माझं काय होईल ते सोमवारी. मला जपा, माझ्यावर कापड घाला, मला कपाटात ठेवा, असं सांगत मी तुमच्यापुढे हात जोडणार नाही. माझी कीव तर मुळीच करू नका. वीस वर्षं पोटात पत्र धरून ठेवणारा एक तरी फोन दाखवा, मग बोलू. राहूवरही माझा राग नाही. तो बिचारा दीड तासाचा. बाकीची वीस वर्षं माणसांनी घातली.

माझ्या यादीत त्या पत्रापुढे ‘अयशस्वी’ असा शब्द पडला आहे. नियमाने तो पडणारच होता. तीनदा लावलं, तिन्ही वेळा मशीन मिळालं नाही. असू दे. मी तो शब्द मिरवीन.

फक्त एक सांगतो, मित्रांनो. तुमच्याही मनाच्या रांगेत कुणासाठी लिहिलेलं काहीतरी पडून असेल. एकदा पाठवून उत्तर आलं नाही म्हणून रुसून बसला असाल. ते त्याला मिळालं का, हे आधी विचारा. पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा लावा. तीनदा लावा. आणि पलीकडून कुणी ‘कोण?’ म्हणालं, तर माझ्यासारखी नुसती शिट्टी घालू नका. तुम्हाला बोलता येतं.